आपली पानगळ फाल्गुनातली

पन्हाळ्याला जायचे ते पावसात, अशी कोल्हापूरकरांची पक्की समजूत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तटबंदीवर ढग टेकतात, भाजलेल्या कणसांचा वास सुटतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. फेब्रुवारी सरत आला की मात्र गडावरची गर्दी ओसरते. "आता काय बघायचं तिथं, सगळं वाळून गेलंय," असे म्हणत लोक कोकणाचा रस्ता धरतात. नेमक्या याच दिवसांत, माघाच्या अखेरीपासून चैत्राच्या मध्यापर्यंत, गडावर आणि गडाच्या उतारांवर झाडे जुनी पाने टाकून नवी धारण करत असतात. पायाखाली तपकिरी पाचोळा आणि डोक्यावर तांबूस, गुलाबी, पोपटी पालवी असा हा दीड-दोन महिन्यांचा काळ. जगात इतरत्र असे रंग पाहायला लोक रजा काढून प्रवास करतात.

जपानमध्ये रंगीत पाने बघायला जाण्याला 'मोमिजिगारी' असा स्वतंत्र शब्द आहे. काश्मीरमध्ये चिनार पेटल्यासारखे लाल होतात, त्या ऋतूला तिथे 'हरुद' म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणारी मराठी कुटुंबेही ऑक्टोबरात गाड्या काढून डोंगरात जातात आणि लालभडक मेपलखालचे फोटो इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. त्यावर इकडून ठरलेला उद्गार निघतो: आपल्याकडे असे काही नसते. आपल्याकडेही असते, फक्त महिना वेगळा आणि रंगांचा क्रम बऱ्याच अंशी उलटा.

घोटाळ्याचे एक कारण भाषांतराचे आहे. पाश्चात्त्यांच्या 'ऑटम'ला आपण शरद म्हणतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. कोजागरीच्या आसपास पन्हाळ्याच्या पायथ्याशी भात पिवळे पडू लागते, ऊस उभा असतो आणि डोंगर हिरवागार असतो. पाने गळतात ती शिशिरात आणि वसंताच्या तोंडावर. म्हणजे शाळेच्या पुस्तकातला 'ऑटम' शोधायला कोणी ऑक्टोबरात बाहेर पडला तर त्याला तो सापडणारच नाही.

तहानेची पानगळ

थंड प्रदेशात झाडाला पाने टाकावी लागतात, कारण हिवाळ्यात दिवस लहान होतो, जमीन गोठते आणि पानांचा उपयोग उरत नाही. पन्हाळ्याला जमीन गोठत नाही. इथे प्रश्न पाण्याचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट उंचीवरचा हा गड आणि शेजारचे मसाई पठार यांच्या माथ्यावर जांभा दगड आहे. पावसाळ्यात त्यावरून धो-धो पाणी वाहते, पण माती जेमतेम असल्याने ते फार काळ टिकत नाही. मकरसंक्रांत उलटली की वरचा थर कोरडा होऊ लागतो. दुसरीकडे हवा तापत जाते आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प बाहेर पडतच असते. येणे थांबले आणि खर्च चालू राहिला, तर घरात जे करावे लागते तेच झाड करते. खर्चाचे दारच बंद करते.

हे काम झाड अव्यवस्थित करत नाही. पान टाकण्यापूर्वी ते रिकामे केले जाते. हरितद्रव्याचे विघटन होते, प्रथिनांतला नायट्रोजन, तसेच स्फुरद, फांदीकडे परत ओढून घेतले जाते. पानातला साधारण निम्मा नायट्रोजन असा वाचवला जातो. हिरवा रंग ओसरला की आधीपासूनच तिथे असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. गाजराला आणि पपईला रंग देणारी द्रव्येही याच कुळातली. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. ऑक्झिन हे संप्रेरक पानाकडून येणे कमी होते, इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो, थरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि एखाद्या झुळकीने पान खाली येते. जखमेवर बुचासारखा थर आधीच चढलेला असतो. म्हणून गळलेल्या पानाच्या जागी फांदीवर चिक वाहत नाही, नुसता वण दिसतो.

पाण्यानेच सगळे ठरत असल्याने पन्हाळ्यावर एक गंमत पाहता येते. एकाच जातीचे झाड कड्याच्या काठावर, दगडात रुजलेले असेल तर लवकर ओकेबोके होते. तेच ओढ्याच्या घळीत असेल तर कितीतरी दिवस पाने धरून राहते. पाऊस लांबलेल्या वर्षी सगळेच वेळापत्रक पुढे सरकते. तटावरून खाली पाहिले की उतारावर तपकिरी रंगात मधूनच हिरव्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे पाण्याच्या वाटा, मग वर पाणी दिसो वा न दिसो. जुन्या माणसांना डोंगरातले झरे याच खुणेने कळत.

पन्हाळ्यापासून आंबा घाटापर्यंतच्या पट्ट्यात ऐन, किंजळ, सावर, पांगारा, पळस ही पाने गाळणारी झाडे आणि जांभूळ, अंजनी, आंबा ही वर्षभर हिरवी राहणारी झाडे शेजारी-शेजारी वाढतात. त्यामुळे इथे जपानसारखा सगळा डोंगर एकदम रंगत नाही. रंग ठिगळाठिगळांनी दिसतो. आधी सावर आणि पांगारा मोकळे होतात आणि पानांचा अडथळा नसलेल्या फांद्यांवर लाल फुले येतात. पक्ष्यांना ती लांबून दिसावीत यासाठी पर्णहीन फांदी सोयीची असते. पिंपळ तर काही आठवड्यांत जुने टाकून नवे घेतो. शाळांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या आवारात लावलेला देशी बदाम हा या सगळ्यात निराळा. त्याची पाने गळण्यापूर्वी खरोखरच लालबुंद होतात. ज्यांना मेपलचा रंग इथे पाहायचा आहे त्यांनी या झाडाखाली उभे राहावे. गंमत अशी की मुलांचे लक्ष त्याच्या फळांतल्या बियांकडे असते आणि शिपायाचे झाडूकडे.

जन्मतानाचा लाल

आपल्याकडचा खरा लाल मात्र गळणाऱ्या पानांचा नाही, उगवणाऱ्या पानांचा आहे. कुसुंब, ज्याला काही ठिकाणी कोशिंब म्हणतात, मार्चमध्ये असा तांबडा होतो की लांबून फुलले आहे असे वाटते. जांभळाची, आंब्याची कोवळी पाने तांब्यासारखी असतात. पिंपळाची गुलाबी आणि पारदर्शक. गुढीला बांधायला आणि खायला जो कडुलिंबाचा कोवळा पाला आणतात, तोही टोकाशी तांबूस असतो.

या लाल रंगामागचे द्रव्य अँथोसायनिन. जांभळाच्या सालीत आणि कोकमात असते तेच. मेपल आणि बदामाची पाने मरता-मरता ते तयार करतात. कुसुंब आणि आंबा जन्मतानाच. एकच रंगद्रव्य आयुष्याच्या दोन टोकांना का वापरले जाते, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. एक मत असे की कोवळ्या पानातली प्रकाश वापरण्याची यंत्रणा अर्धवट असते, त्यामुळे कडक ऊन त्याला झेपत नाही आणि अँथोसायनिन छत्रीसारखे काम करते. दुसरे मत शत्रूंकडे बोट दाखवते. उष्ण कटिबंधात पान कोवळे असतानाच सर्वाधिक खाल्ले जाते. एकदा ते जून झाले की किड्यांचे दात लागत नाहीत. पनामाच्या जंगलात अनेक वर्षे काम केलेल्या फिलिस कोली आणि थॉमस कुर्सार यांनी दाखवले, की कित्येक झाडे कोवळ्या पानात हरितद्रव्य मुद्दाम उशिरा भरतात. ताटात वाढले नाही तर चोराला मिळणार काय, असा हा हिशेब. पान जून होईपर्यंत महागडा नायट्रोजन त्यात घालायचाच नाही. हरितद्रव्य नसल्यामुळे मग मागचा लाल उघडा पडतो. बुरशीपासून संरक्षण हा तिसरा अंदाज. तिन्ही थोडेथोडे खरे असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

त्याहून मोठे कोडे वेळेचे आहे. पाण्याअभावी पाने टाकली, तर पाऊस यायच्या आधी, ऐन उन्हाच्या तडाख्यात नवी पाने का फुटतात? कोस्टा रिका, थायलंड अशा ठिकाणच्या कोरड्या जंगलांवरील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे उत्तर दिवसाच्या लांबीत सापडले. वसंत संपाताच्या सुमारास दिवस रोज थोडा थोडा मोठा होतो आणि झाडे तो बदल ओळखतात. कोल्हापूरच्या अक्षांशावर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो, पण झाडाला तेवढा पुरतो. पाने टाकल्यावर बाष्प जाणे थांबते, मुळे खोलवरून जे थोडे पाणी ओढतात ते खोडात साठते, आणि त्या शिल्लकीवर पालवी फुटते. जूनचा पाऊस येईल तेव्हा पाने तयार, जून झालेली, कामाला लागलेली असतात. ज्यांच्या मुळांना खोलवर पाणी मिळत नाही ती झाडे थांबतात. म्हणूनच ऐन-किंजळ जांभळाच्या मागे राहतात.

ओक्याबोक्या झाडांखालचे चालणे

पन्हाळ्याच्या तटबंदीची एकूण लांबी सात किलोमीटरहून अधिक भरते. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, अंबरखाना, पुसाटी बुरूज, तबक उद्यान अशी फेरी सकाळी लवकर सुरू केली तर ऊन चढायच्या आत आटोपते. कोल्हापूर शहरापेक्षा गड साधारण चारशे मीटर उंच आहे, आणि उंचीबरोबर हवा थंड होण्याचे सर्वसाधारण प्रमाण धरले तर इथे पारा दोन-अडीच अंशांनी कमी असतो. शहरात राहणाऱ्यांना इतके लांब जायलाच हवे असे नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरायला येणाऱ्यांची रीघ असते, आणि सीपीआर रुग्णालयाजवळच्या टाऊन हॉल उद्यानात जुनी, मोठी झाडे आहेत. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, पुण्यात एम्प्रेस गार्डन यांनाही हेच लागू.

झाडांमध्ये चालल्याने प्रकृतीला काय मिळते, यावर गेल्या चाळीस वर्षांत बरेच लिहिले गेले, आणि त्यात अतिशयोक्तीही भरपूर आहे. पायाभूत मानला जाणारा अभ्यास रॉजर उलरिक यांचा, १९८४ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णांच्या जोड्या मात्र २३ च होत्या. या अभ्यासातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. उलरिक यांनी फक्त मे ते ऑक्टोबरमधले रुग्ण घेतले होते, कारण त्याच महिन्यांत त्या झाडांना पाने असतात. पाने नसलेल्या झाडाचा उपयोग होतो का, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला होता.

तो पुढे अमेरिकेतच मिशिगन विद्यापीठात निघाला. मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना तासाभरासाठी वृक्षोद्यानात आणि दुसऱ्या वेळी शहराच्या रहदारीच्या रस्त्यावर चालायला पाठवले. आधी आणि नंतर त्यांना आकड्यांची मालिका उलट क्रमाने म्हणायला सांगितले. उद्यानातून आल्यावर लोकांना जास्त आकडे ध्यानात राहिले. रहदारीतून आल्यावर तेवढा फरक पडला नाही. काही जण कडाक्याच्या जानेवारीत चालले होते. झाडे खराट्यासारखी, हवा बोचरी, चालणाऱ्यांना मजा आली नाही. तरी फायदा झालाच. संशोधकांचे म्हणणे असे की हॉर्न, जाहिराती, फोन यांना तोंड देण्यासाठी लागणारी नेटाची एकाग्रता थकते. सळसळ, सावल्या, पक्षी यांकडे लक्ष आपसूक जाते, त्याला जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात ती थकलेली शक्ती भरून येते. फाल्गुनातल्या पन्हाळ्याला 'बघण्यासारखे काही नाही' म्हणणाऱ्यांना हा प्रयोग सांगण्यासारखा आहे.

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही मिनिटे एकदम घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात धडधाकट माणूसच बाहेर जास्त पडतो, हेही त्यामागे असू शकते. वनस्नानाने प्रतिकारशक्ती अमुक टक्के वाढते, कर्करोग दूर राहतो वगैरे जे संदेश फिरतात, त्यांच्यामागचे प्रयोग फारच थोड्या माणसांवरचे आहेत. ते सोडून द्यावेत. चालण्याचे ठरलेले फायदे, रक्तदाब, साखर, झोप, यांसाठी एवढी ओढाताण करायची गरजही नाही.

आणि मग कोणीतरी काडी ओढतो

हे सगळे जिथे फिसकटते ती जागा बागेच्या कोपऱ्यात असते. पहाटे झाडलोट होते, पाचोळ्याचा ढीग लागतो आणि त्याला काडी लावली जाते. नेमकी तीच फिरायला येणाऱ्यांची वेळ.

पाल्याचा धूर म्हणजे नैसर्गिक, त्याने डास जातात, असा समज घट्ट आहे. पाचोळा दवाने किंचित ओला असतो, ढीग दाबलेला असतो, आत हवा पोचत नाही. त्यामुळे तो भडकत नाही, तासन् तास धुमसतो. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण बाहेर पडतात. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार हवेत त्यांचे दिवसाचे सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. भारताची मर्यादा ६० आहे. त्यात थंडीच्या अखेरच्या पहाटेला जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. गार हवा वर चढत नाही, आणि धूर माणसाच्या उंचीवरच पसरून राहतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, झपझप चालणारा त्याच्या तिप्पट-चौपट. तब्येतीसाठी बाहेर पडलेला माणूस अशा वेळी घरी झोपलेल्यापेक्षा जास्त धूर पोटात घेऊन परततो. दमा असलेली मुले, हृदयविकाराचे रुग्ण, गर्भवती आणि मुख्य म्हणजे ढिगाजवळ उभे असलेले सफाई कामगार यांना तो अधिक बाधतो.

कायद्याने हे बंद आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने किरकोळ जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड ठरवला. तरी ढीग पेटतात, कारण झाडणाऱ्याला ढीग 'संपवायला' सांगितलेले असते आणि तो न्यायला गाडी येत नाही. दंड करायचा तर झाडू हातात असलेल्या बाईला करायचा की गाडी न पाठवणाऱ्याला, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या धुरात आणखी दोन धूर मिसळतात. एक उसाच्या पाचटाचा. साखर कारखान्यांचा हंगाम याच सुमारास संपत येतो आणि तोडणीनंतर फडातले पाचट पेटवले जाते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडते. ते सरीत पसरून कुजवले तर पाणी आणि खत वाचते, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आहे आणि काही शेतकरी तसे करतही आहेत. दुसरा धूर डोंगराकडच्या तालुक्यांत तरवा भाजण्याचा. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाताच्या रोपांची जागा भाजतात. त्याने तणाचे बी मरते, राख मिळते. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि बागेतल्या बेफिकीर काडीशी त्याची तुलना करणे योग्य नाही. पण वाऱ्याने ठिणगी उडते आणि वाळलेल्या गवताचा उतार पेटतो, हेही खरे. गवत जाळले की नवे जोमाने येते या समजुतीने मुद्दाम लावलेली आगही असते. वणव्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि नुकतीच फुटलेली रोपे जातात. मोठे झाड वाचते, त्याची पुढची पिढी वाचत नाही.

जांभ्याच्या पठारावर तर माती म्हणजे बोटभर थर. तो तयार होतो याच पाचोळ्यातून. वाळवी, गांडुळे, बुरशी पाने कुरतडून त्यांतला उरलेला निम्मा नायट्रोजन पुन्हा मुळांपर्यंत पोचवतात. जूनच्या पहिल्या वळवाच्या थेंबांचा मार पाचोळ्याचा थर झेलतो आणि पाणी हळूहळू मुरते. उघड्या मातीवर तोच थेंब माती उडवून ओहोळात नेतो. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या लोकांचे पुढे बरेच हाल झाले. त्या घटनेची कारणे पाचोळ्यापुरती नाहीत. बांधकामे, उतार, पाण्याचा निचरा असे बरेच काही त्यात आहे. पण पाणी झेलणारा आणि जिरवणारा थर उतारावरून काढून टाकणे अशा ठिकाणी कोणाच्याच हिताचे नाही.

हा विषय आता अधिक तातडीचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारसास्थळांच्या यादीत जे १२ किल्ले घेतले त्यांत पन्हाळा आहे. गर्दी वाढेल, आणि गर्दीबरोबर 'स्वच्छ, सुंदर परिसर' करण्याचा आग्रहही. तटबंदीच्या फटीत रुजलेले वड-पिंपळ काढायलाच हवेत, त्यांची मुळे चिरे उलथवतात. पायऱ्यांवरचा पाचोळाही झाडावा. वाळलेल्या पानांवरून पाय घसरतो. पण झाडाखालचा पाचोळा झाडून लाल माती उघडी करणे ही स्वच्छता नव्हे. झाडलेली पाने बुंध्यापासून थोडे लांब, आळ्यात पसरली तरी काम भागते. शहरात जागा नसेल तर जाळीच्या पिंपात पाने भरून मधूनमधून शेणकाला शिंपडावा. नुसत्या वाळक्या पानांत कार्बन फार आणि नायट्रोजन कमी, म्हणून ती कुजायला वेळ घेतात; स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळला की काम लवकर होते. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'ब्राऊन लीफ' उपक्रमाने तर ज्यांच्या अंगणात पाला पडतो आणि ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी पाला हवा असतो, त्यांची गाठच घालून दिली. पोती भरून पाने एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ लागली.

पाचोळ्यातून चालणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. घोणस पाचोळ्याच्या रंगाचीच असते. पायवाट सोडू नये, बूट घालावेत, पानांत हात घालू नये. दंश झाला तर चिरणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले होते. हा आजार गोचिडांमुळे होतो, आणि गोचिडे कोरड्या दिवसांत पाचोळ्यात असतात. त्या बाजूला जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर ते गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी. ज्यांना दमा आहे त्यांनी कुबट वास येणारे, बुरशी धरलेले जुने ढीग उकरू नयेत. कोरड्या, ताज्या पाचोळ्यातून चालायला हरकत नाही.

कुसुंबाचा लाल रंग जेमतेम दोन आठवडे टिकतो. पान रुंद होत जाते तसा तो आधी तांबूस, मग पोपटी होतो. झाडागणिक दिवस पुढे-मागे असतात, म्हणून होळी ते गुढीपाडवा या काळात आठ दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या केल्या तर एकाच झाडाचे दोन रंग पाहायला मिळतात. चैत्री पौर्णिमेला समोरच्या जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागतात आणि गुलालाने सारे गुलाबी होते, तोपर्यंत पन्हाळ्याची बरीचशी पालवी हिरवी झालेली असते.